हरकतबाई आणि सात नंबरची टॅक्सी

इंग्लंडातल्या ब्रॅकनशॉ गावच्या टॅक्सीवाल्यांमध्ये कुणी पाच वेळचा नमाजी होता, कुणी नाताळापुरता चर्चला जाणारा, पण विनिफ्रेड हॉवर्थ या बाईला मात्र सगळे सारखेच घाबरत. बाई ऐंशीच्या पुढची, दोन्ही गुडघे कामातून गेलेली, चाकाच्या खुर्चीत बसणारी. पण नगरपालिकेने टॅक्सीचं भाडं वाढवायचं ठरवून गावच्या पेपरात नोटीस दिली, की पेपरची शाई वाळायच्या आत बाईची लेखी हरकत टाउन हॉलात हजर. आणि नियम असा, की एक जरी हरकत आली तरी वाढ थांबायची, समिती पुन्हा बसायची, हरकत ऐकून घ्यायची आणि मग काय तो निर्णय व्हायचा. यात महिने जात. तेवढ्यात डिझेल वाढे, विमा वाढे आणि स्टेशनच्या स्टँडवर बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. तिचं नाव तिथं कुणी घेतच नसे. 'हरकतबाई' म्हटलं की भागायचं.

आणि या हरकतबाईला दर गुरुवारी टेकडीवरून खाली, गोळे गडगडवत खेळायच्या बोलिंगच्या हिरवळीवर न्यायचं आणि परत आणायचं काम तसव्वुर हुसेनच्या वाट्याला आलं होतं. गावात खुर्ची चढवायचा रॅम्प असलेल्या टॅक्सी तीनच. त्यातल्या दोन गाड्यांचे मालक स्टेशन सोडून हलायचे नाहीत. बाईचं घर सिंडर ब्राऊ या चढाच्या अगदी टोकाला, रस्ता दगडी गोट्यांचा, एका भाड्यात गाडीची हाडं खिळखिळी. कोण जातो? तसव्वुर जाई. सात नंबरची गाडी घेऊन जाई, रॅम्प उघडी, खुर्ची वर ढकली, पट्टे आवळी, आणि मगच मीटर टाकी. बाई मीटरवर जेवढे पौंड-पेन्स तेवढेच मोजून देई. वर एक पेनी नाही.

"टिप देत नाही म्हणून रागावू नकोस," ती एकदा म्हणाली होती. "टिप दिली की तू मला भ्यायला लागशील."

"बाई, भितो मी आत्ताही," तसव्वुर म्हणाला होता.

त्या दोघांचं बोलणंही जगावेगळं. बाईची तीस वर्षं गिरणीत मागावर गेलेली. मागांच्या खडखडाटात तिथं कुणालाच काही ऐकू यायचं नाही, म्हणून विणकर बायका आवाज न काढता नुसते ओठ मोठे मोठे हलवून बोलत आणि एकमेकींचे ओठ वाचत. पार पलीकडच्या रांगेतल्या बाईला सासूची कागाळी सांगायची तर तीही अशीच. गिरणी बंद पडून जमाना लोटला, पण कान अधू झालेल्या बाईची सवय गेली नाही. चढावर सात नंबरचं इंजिन घरघरायला लागलं, की मागच्या बाजूला बसलेली बाई आवाज बंद करून ओठांनी बोलू लागे. तसव्वुर ते समोरच्या आरशात बघून समजून घेई. पहिल्या वर्षी काही कळायचं नाही, तो नुसता 'हो बाई' म्हणायचा आणि शिव्या खायचा. आता सगळं कळत होतं. तसव्वुरचा बाप पाकिस्तानातल्या मीरपूरहून येऊन त्याच गिरणीत रात्रपाळी करून गेला होता. दिवसा बाई ज्या मागांवर उभी राही, रात्री त्याच मागांवर तो. त्याने ही बोली पोराला शिकवली नाही, ती या बाईने शिकवली.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी बाई गाडीत चढली ती पेपर फडकावतच.

"तसव्वुर, तुझ्याबद्दल छापून आलंय."

"माझ्याबद्दल? मी काय केलं?"

"काहीच केलं नाहीस, तेच तर दुखणं आहे. वाच."

त्याने पट्टा आवळता आवळता वाचलं. बारीक अक्षरातली नोटीस, हरवलेल्या मांजराच्या जाहिरातीच्या खाली. टॅक्सीच्या वार्षिक लायसन्सचं शुल्क जवळजवळ दीडपट. आणि रॅम्पच्या गाड्यांना त्यावर आणखी जास्तीचं, कारण म्हणे त्यांची तपासणी करायला वेळ लागतो. ज्याने टेकडी चढायची त्यालाच दंड, बाकीच्यांची चैन. तसव्वुरच्या तोंडचं पाणी पळालं.

"मग तुम्ही घ्या की हरकत, बाई. तुमचा तर हातखंडा आहे."

"मी? अरे, शुल्क तुझं, खिसा तुझा, आणि हरकत मी घेऊ?"

"पण हरकत प्रवाशांनीच घ्यायची असते ना?"

बाई हसली. अशी हसली, की डोक्यावरची लोकरी टोपी घसरून कानावर आली. "हे कुणी शिकवलं तुला?"

खरं तर कुणीच शिकवलं नव्हतं. पण एकट्या तसव्वुरला हसायचं कारण नाही, अख्ख्या स्टँडची हीच समजूत होती. वर्षानुवर्षं हरकत घेताना त्यांनी फक्त बाईला पाहिलेलं. तेव्हा हरकत म्हणजे प्रवाशाने टॅक्सीवाल्याच्या डोक्यात मारायची वस्तू, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. भाडेवाढीची नोटीस ते डोळ्यांत तेल घालून वाचत. शुल्काची नोटीस कुणी वाचतच नसे. शुल्क यायचं, शिव्या द्यायच्या, भरायचं. थंडी पडते, गाडीच्या काचेवरचं हिम खरवडायचं, तसंच ते.

"ही नोटीस तुमच्यासाठीच आहे, येड्या," बाई टोपी सारखी करत म्हणाली. "अजून मुदत आहे. आणि आता चल, माझ्यावाचून तिकडं गुण मांडताना लबाडी चालते."

घरी शमीमने भाकरी तव्यावर टाकताना सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या पद्धतीने, वळूनही न बघता विचारलं, "मग? इश्फाकभाईंना काय सांगू?"

इश्फाक म्हणजे तिचा चुलतभाऊ. शहरात मोबाइलवरून बोलावायच्या गाड्या चालवी, चार गाड्यांचा मालक होता, आणि गेलं वर्षभर तसव्वुरच्या मागे लागला होता, की ते रॅम्पचं धूड विकून टाक आणि माझ्याकडे ये. गिऱ्हाईकही त्यानेच बघून ठेवलेलं.

"अहो, मी तुम्हाला कधी अडवलं नाही," शमीम म्हणाली. "पण गेल्या हिवाळ्यापासून गाडीचं चाक फिरतंय ते निव्वळ गाडीसाठी. हे शुल्क आलं तर दुष्काळात तेरावा महिना. किती दिवस रेटायचं?"

तसव्वुर ताटं मांडू लागला. त्याला शहरात जायचं नव्हतं. तिथं फोन सांगेल तिकडं वळायचं, मागे बसलेला माणूस कानात फोनची बोंडं घालून बसणार, त्याचं नाव कळणार नाही, त्याच्या सुनेचं बाळंतपण कुठवर आलं हे कळणार नाही. ब्रॅकनशॉत त्याला प्रत्येक घराचा दरवाजा ठाऊक होता. लायसन्सची सात नंबरची पाटी मिळाली त्या दिवशी त्याने ती आधी घरात आणून आईच्या मांडीवर ठेवली होती आणि मग गाडीला लावली होती. पण पोट काही अशा गोष्टींनी भरत नाही, हेही त्याला कळत होतं.

"शुल्क मंजूर झालं तर गाडी विकतो," तो शेवटी म्हणाला. "शब्द देतो तुला."

"आणि ती म्हातारी? तिला कोण आणणार खाली?"

"कुणी नाही."

शमीमने भाकरी उलटली. तिने म्हातारीला कधी पाहिलं नव्हतं, फक्त नवऱ्याच्या तोंडून रोज ऐकलं होतं. "म्हणजे ती वरच बसणार," ती म्हणाली, आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तसव्वुरने स्टँडवर विषय काढला. नॉर्मन पिकल्स हा तिथला सगळ्यात जुना, जाडा, आणि ज्याच्या जिभेला हाड नाही असा गडी. तसव्वुरला 'टॅझ' म्हणणारा तोच. तो वाटाण्याच्या उसळीवर व्हिनेगर ओतत होता.

"टॅझ, लेका, हरकत कशी घ्यायची हे विचारायला हरकतबाईच्याच दारात जायचं? उद्या दुधाची राखण मांजराकडे देशील."

"मग तुला येतं का पत्र लिहायला?"

"मला? मी बायकोला लग्नाच्या वाढदिवसाचं कार्ड लिहितो तर ती पोलिसांत द्यायला निघते."

"तेच म्हणतोय मी. तिला येतं. तिच्यासारखं या गावात कुणाला येत नाही. इतकी वर्षं आपल्याला आडवी येतेय, एकदा तरी तिचा उपयोग करून घेऊ."

पिकल्सने उसळीचा चमचा तोंडात घातला, विचार केला, आणि मान डोलावली. रविवारी पाच टॅक्सी एकामागून एक सिंडर ब्राऊ चढल्या. शेजारपाजारचे लोक खिडकीशी आले. त्यांना वाटलं, बाई गेली.

बाईने पाची जणांना स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसवलं आणि पुढ्यात पार्किन नावाच्या आल्याच्या वड्या ठेवल्या. "डुकराची चरबी नाही घातलेली, लोणी घातलंय," ती तसव्वुरकडे बघून म्हणाली. "पिकल्स, तुला चालतं ना लोणी? का तुझ्यासाठी वेगळं करू?" पिकल्स लाजला. पिकल्सला लाजताना कुणी पाहिलं नव्हतं.

"आधी एक सांगा बाई," तो धीर करून म्हणाला. "आमच्याशी तुमचं काय वैर आहे? दर वर्षी आमच्या भाड्याच्या आड येता."

"वैर?" बाईने चहाचा कप खाली ठेवला. "मी गिरणीत बायकांची प्रतिनिधी होते. तिथं मी एक गोष्ट शिकले. विचारायची सोय आहे तोवर विचारायचं. एक वर्ष कुणी विचारलं नाही, की पुढच्या वर्षी ती सोयच उरत नाही. म्हणून मी विचारते. भाडं का वाढवता? आणि इतकी वर्षं झाली, मूर्खांनो, तुमच्यातला एकही उत्तर द्यायला आला नाही! त्या सभागृहात मी एकटी बोलते, समोर नगरसेवक जांभया देतात, आणि तुम्ही बाहेर गाडीत बसून मला शिव्या घालता. तसव्वुर तर मलाच तिथं पोचवून, बाहेर थांबून, परत आणतो!"

तसव्वुरने मान खाली घातली. ते खरं होतं. चार वेळा तो टाउन हॉलच्या दारात गाडी लावून बसला होता आणि आत त्याच्याच भाड्याची चर्चा चालली होती. आपण आत जायचं असतं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मग बाईने शिकवायला घेतलं. तिचं शिकवणं म्हणजे एकच प्रश्न. "हे पैसे कशाला? एवढंच विचारायचं. लायसन्स देण्याच्या कामाला जेवढा खर्च येतो तेवढंच शुल्क घेता येतं, त्यात नगरपालिकेला कमाई करता येत नाही. त्यांनाही हे माहीत आहे, पण कुणी विचारत नाही म्हणून विसरायला होतं. तेव्हा विचारा, कशाला. उत्तर मिळालं की पुन्हा विचारा, कशाला."

"आणि बोलणार कोण?" पिकल्सने विचारलं. एकदम सगळ्यांना छताकडे बघणं फार आवडायला लागलं.

"माझं ऐकून त्यांचे कान किटलेत," बाई म्हणाली. "मी तोंड उघडलं की ते घड्याळ बघतात. हरकत घेणाऱ्यांच्या वतीने एकच माणूस बोलू शकतो. तो टॅक्सीवाला हवा. तसव्वुर बोलेल."

तसव्वुरची पाचावर धारण बसली. "बाई, मला प्रवाशांशी बोलता येतं. ते मागे बसलेले असतात. समोर बसलेल्यांशी मला बोलायला जमत नाही."

"मग समज, ते मागेच बसलेत," बाई म्हणाली, आणि त्याचा प्रश्न तिथंच मिटला.

हरकत मुदतीत गेली. सगळ्या टॅक्सीवाल्यांच्या सह्या झाल्या, स्टेशन न सोडणाऱ्या त्या दोघांच्याही. समितीची तारीख लागली. त्या संध्याकाळी ब्रॅकनशॉच्या स्टँडवर एकही गाडी नव्हती आणि आगगाडीतून उतरलेले प्रवासी बॅगा घेऊन इकडंतिकडं बघत उभे राहिले. सगळे टॅक्सीवाले टाउन हॉलात होते, हिवाळी कोटांत, लाकडी बाकांवर, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

गिरणीमालकांनी बांधलेलं ते सभागृह. उंच मंचावर समिती, मध्ये अध्यक्ष गॉर्डन लंब. घरं विकण्याचा धंदा करणारा माणूस, आवाज मधासारखा, गळक्या घरालाही 'भरपूर पाण्याची सोय' म्हणणारा. त्याच्या शेजारी खजिनदार, चष्मा पुसत बसलेला. पलीकडे कायदा अधिकारी, एक तरुण मुलगी, केस घट्ट बांधलेले. चाकाच्या खुर्चीसाठी जागा एकच होती, मंचाच्या अगदी बाजूला, भिंतीपाशी, कारण सपाट वाट तेवढीच. तिथं बाई. बोलणाऱ्यासाठी खाली मध्ये एक उभं टेबल. तिथं तसव्वुर.

त्याने कागद उलगडला आणि तो पहिल्या ओळीवरच अडला. अक्षरं दिसत होती, पण तोंडातून निघत नव्हती. मागून पिकल्स खोकला, तो धीर देण्यासाठी खोकला होता, पण त्याने तसव्वुर आणखीच दचकला. मंचावरच्या एका नगरसेवकाने खरंच घड्याळाकडे पाहिलं. तसव्वुरने डोळे मिटले, सगळी माणसं आपल्या मागे बसली आहेत असं मनाशी धरलं, आणि कागद खाली ठेवला.

"अध्यक्षसाहेब," तो म्हणाला, "मला एकच विचारायचंय. हे वाढीव पैसे कशाला लागतात?"

"फार चांगला प्रश्न, मिस्टर हुसेन," लंब मधाळ हसला. "गाड्यांची तपासणी, कर्मचाऱ्यांचे पगार, प्रवाशांची सुरक्षितता. सगळं आपल्याच भल्याचं."

"गेल्या वर्षी तपासणी एकदा होत होती. या वर्षी किती वेळा?"

"एकदाच. पण अधिक बारकाईने."

"कर्मचारी वाढले?"

"तेवढेच आहेत. पण अधिक, हे, अधिक कामसू."

बाकांवरून खसखस पिकली. पण प्रश्न संपले होते आणि लंबकडे उत्तरं भरपूर होती, मऊ, गोल गोल, हातात न सापडणारी. तसव्वुरला कळलं, की आपली वेळ संपत आली, आता हा माणूस 'धन्यवाद' म्हणणार आणि मतदान होणार. त्याच्या डोळ्यांपुढे इश्फाकने बघून ठेवलेलं गिऱ्हाईक उभं राहिलं.

तेवढ्यात लंबने माइकवर हात ठेवला, तोंडापुढे कागद आडवा धरला आणि खजिनदाराच्या कानाशी झुकून काहीतरी पुटपुटला. समोरच्या सभागृहाला कागदाची पाठ दिसली. पण बाजूच्या भिंतीपाशी बसलेल्या बाईला अध्यक्षांचं तोंड अगदी स्वच्छ दिसत होतं. मागांच्या तीन रांगांपलीकडच्या बायकांचं बोलणं जिने टिपलं, तिला हे अंतर काहीच नव्हतं.

बाई ताठ झाली. तिने तसव्वुरकडे पाहिलं आणि ओठ हलवले. आवाज नाही, नुसते ओठ, मोठे मोठे.

तसव्वुरने आरशाशिवाय तिचे ओठ कधी वाचले नव्हते. पहिल्यांदा त्याला कसलाच अर्थ लागला नाही. बाईने पुन्हा हलवले, चिडून. सिंडर ब्राऊचा चढ, इंजिनाची घरघर, मागे बाई आणि समोर आरसा, असं त्याने मनाशी आणलं आणि मग शब्द एकेक करून समोर उभे राहिले. तरणतलाव. तरणतलावाचा तोटा यातून भरून काढायचा आहे.

तरणतलाव नगरपालिकेचा. त्याचं छत तीनदा दुरुस्त झालं आणि तीनदा गळलं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पैसे कुठून आले हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"धन्यवाद, मिस्टर हुसेन," लंब म्हणाला. "तर आता—"

"अध्यक्षसाहेब, माझं संपलं नाही," तसव्वुर म्हणाला, आणि आपला आवाज इतका मोठा आहे याचं त्यालाच नवल वाटलं. "या पैशातून तरणतलावाचा तोटा भरून काढायचा आहे का?"

लंबचा चेहरा उतरला. "हे... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

दुसरं कुठलंही उत्तर चाललं असतं. 'नाही' म्हणाला असता तरी कदाचित निभावलं असतं. पण हे वाक्य तोंडातून गेलं आणि सगळं उघडं पडलं. मग पिकल्स गडगडाटी हसला आणि त्याच्या मागे अख्खे बाक हसले.

हसली नाही ती फक्त कायदा अधिकारी. ती मुलगी जागेवरून उठली आणि खजिनदाराकडे वळली. "सर, हे खरं आहे का?"

खजिनदार भला माणूस होता, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं. त्याने चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि लंबकडे न बघता म्हणाला, "काही भाग. होय. मी तसं म्हणालो होतो, की हे बरं दिसणार नाही."

"बरं दिसण्याचा प्रश्न नाही," ती मुलगी म्हणाली. "असं करताच येत नाही. टॅक्सीचं शुल्क टॅक्सीच्या लायसन्सवरच खर्च व्हायला हवं. समितीने हे मंजूर केलं तर ते कोर्टात एक दिवस टिकणार नाही, आणि मी तसं लेखी देईन."

चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते लंबने मग करून दाखवलं. खासगी बोलणं ऐकणं हा सभ्यपणा नाही, म्हणाला. बाईने भिंतीपाशी बसूनच हात वर केला.

"ऐकलं नाही, गॉर्डन," ती म्हणाली. "मी जवळजवळ ठार बहिरी आहे. तुझ्या आईला विचारायचं होतंस, तीही माझ्या शेजारच्या मागावर होती."

मतदान झालं. लंब सोडून सगळ्यांचे हात वर. वाढ रद्द. रॅम्पच्या गाड्यांवरचं जास्तीचं शुल्कही रद्द, आणि मागच्या काही वर्षांत टॅक्सीवाल्यांकडून खर्चापेक्षा जास्त घेतलं असेल तर ते पुढच्या शुल्कातून वळतं करायचं, असं त्या मुलीने उभ्या उभ्या नोंदवून घेतलं. स्टेशन न सोडणारे ते दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले. पिकल्सने तसव्वुरला मागून असं उचललं, की त्याचे पाय जमिनीवरून सुटले. "टॅझ, लेका! अरे, तू वकील का नाही झालास? तुझ्याइतकं मीटर न टाकता बोलणारा माणूस मी पाहिला नाही!"

बाहेर पायऱ्यांवर थंड वारा होता आणि कुणालाच तो लागत नव्हता. फोन काढून तसव्वुरने आधी शमीमला सांगितलं. "इश्फाकभाईंना मीच सांगते," ती म्हणाली. "म्हणते, आमची गाडी विकायची नाही. कधीच नाही." आणि मग, "त्या बाईंना रविवारी घरी जेवायला आणा. मला बघायचंय त्यांना."

सगळ्या गाड्या एका रांगेत निघाल्या. चर्च स्ट्रीटवरून हॉर्न वाजवत, सात नंबर सगळ्यात पुढे. स्टेशनवर खोळंबलेल्या प्रवाशांना वाटेत उचलून घेतलं ते फुकट, आणि काय झालंय हे विचारल्यावर प्रत्येक टॅक्सीवाला आपापल्या परीने इतकं वाढवून सांगत होता, की रात्रीच्या जेवणापर्यंत गावात लंबला तरणतलावात ढकलल्याची बातमी पसरली होती. तसव्वुरला वाटेत दोनदा डोळे पुसावे लागले. आपण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी अडवलं, आणि ते खरोखर अडलं, हे त्याला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावंसं वाटत होतं.

बाईच्या दारात त्याने रॅम्प उघडला, खुर्ची अलगद खाली उतरवली आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"बाई, तुम्ही नसता तर—"

"आता रडायला लागू नकोस. मला थंडी वाजतेय." पण तिने हात पुढे केला आणि त्याने तो धरला. लहानसा, गाठाळ हात. "एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते. तुम्हा टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने भाडेवाढ मागितली आहे म्हणे. मे महिन्यात नोटीस येईल."

"येईल."

"मी हरकत घेणार."

"घ्या," तसव्वुर म्हणाला. "पण या वेळी मी बाहेर गाडीत बसणार नाही. नाव नोंदवून आत येणार, तुमच्या समोर उभा राहणार, आणि तुमच्या एकेक प्रश्नाचं उत्तर देणार. डिझेलपासून सुरुवात करणार."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती त्या सभागृहात जायची, घसा खरवडून बोलायची, आणि पलीकडे कुणी नसायचं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

"नीट तयारी करून ये," ती म्हणाली. "मी सोडणार नाही तुला."

"तुम्हीही करा, बाई," तसव्वुर म्हणाला, आणि खुर्ची ढकलत तिला आत घेऊन गेला.